नवस, नसबंदी आणि सतरावा अपवाद

विम्याच्या करारपत्राला वाङ्मय म्हणण्याची प्रथा नाही, आणि ते कोणी आवडीने वाचत असेल असेही नाही. तरीही ज्याला संहिता बारकाईने वाचण्याची सवय लागलेली आहे त्याने आरोग्यविम्याच्या पत्रकातली अपवादांची यादी एकदा सावकाश वाचून पाहावी, असे आम्ही सुचवू. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये ह्या अपवादांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली आणि प्रत्येकाला क्रमांक दिले. व्यसनमुक्तीचे उपचार बारावे. साडेसात डायॉप्टरहून कमी नंबराचा चष्मा घालवण्याची शस्त्रक्रिया पंधरावी. सिद्ध न झालेले उपचार सोळावे. अठरावे आणि शेवटचे बाळंतपण. ह्या दोहोंच्या मध्ये, सतराव्या क्रमांकावर, वंध्यत्व आहे.

सतराव्या अपवादाची रचना पाहण्याजोगी आहे. गर्भनिरोधन आणि नसबंदी, कृत्रिम रेतन, आयव्हीएफ, इक्सी इत्यादी तंत्रे, सरोगसी, आणि केलेली नसबंदी पुन्हा उलटवण्याची शस्त्रक्रिया. मूल नको म्हणून केलेला खर्च, मूल हवे म्हणून केलेला खर्च, आणि एकदा नको म्हटल्यानंतर पुन्हा हवेसे वाटले म्हणून केलेला खर्च, हे तिन्ही एकाच छत्राखाली नांदतात. त्यांना जोडणारा धागा वैद्यकशास्त्राचा नाही. ह्या सर्व गोष्टी माणसाच्या इच्छेच्या प्रांतातल्या आहेत, आजाराच्या नव्हेत, असे गृहीत धरले तरच ही यादी एकसंध वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या २००९ च्या परिभाषेत मात्र वंध्यत्व हा प्रजननसंस्थेचा आजार आहे, आणि बारा महिने नियमित, निरोधरहित संबंध असूनही गर्भधारणा न होणे ही त्याची खूण आहे.

विमा कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. विमा अनपेक्षित आपत्तीचा असतो. ज्या जोडप्याला आपली गरज आधीच ठाऊक आहे तेच असा विमा घेईल, बाकीचे घेणार नाहीत, आणि मग हप्ता परवडणार नाही. हा युक्तिवाद खरा आहे. पण तो एकेकट्याने विकत घेतलेल्या विम्यापुरता खरा आहे. सर्वांना सर्वांसाठी हप्ता भरायला लावला की त्यातला जोर निघून जातो. अमेरिकेत १९८५ साली मेरीलँड राज्याने आणि १९८७ साली मॅसॅच्युसेट्सने कायदा करून विमा कंपन्यांना हा खर्च द्यायला भाग पाडले, आणि तिथला विमाव्यवसाय त्यामुळे बुडाला नाही. तेव्हा हिशेबापलीकडे आणखी काही असले पाहिजे, आणि ते आपल्याकडे काय होते ह्याचा शोध घ्यावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

एक योगायोग आधी नोंदवू. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात हर्षा ह्या मुलीचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेली भारतातली ती पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी'. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार ह्यांच्याबरोबर केलेले हे काम. आणि त्याच १९८६ साली भारतीय साधारण विमा निगमाच्या चार सरकारी कंपन्यांनी 'मेडिक्लेम' ही योजना बाजारात आणली. देशातला वैयक्तिक आरोग्यविमा म्हणजे काय हे ज्या योजनेने ठरवले ती आणि हे तंत्र जुळी भावंडे म्हणावीत अशी एका वर्षाची आहेत. दोघांची गाठ मात्र पडली नाही. मेडिक्लेमच्या मूळ साच्यात रुग्णाने रुग्णालयात दाखल होणे अपेक्षित होते, आणि गर्भारपणाशी निगडित खर्च बाहेर ठेवलेला होता. सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या बाईच्या बीजांडांना त्या साच्यात जागा मिळण्याचे काही कारणच नव्हते.

के.ई.एम. हे महानगरपालिकेचे रुग्णालय आहे, हे विसरून चालणार नाही. गिरणगावच्या ऐन वस्तीत उभ्या असलेल्या, केसपेपर काढून रांगेत बसायच्या रुग्णालयात हे तंत्र ह्या देशात अवतरले. त्यामागे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा, म्हणजे सरकारचा, पैसा होता. इंग्लंडची गोष्ट नेमकी उलट आहे. तिथे १९७१ साली वैद्यक संशोधन मंडळाने एडवर्ड्‌स आणि स्टेप्टो ह्यांना अनुदान नाकारले; लुईझ ब्राऊनच्या जन्माला (२५ जुलै १९७८) खासगी देणग्यांचा आधार होता, आणि जन्मानंतरही सरकारी सेवेत जागा न मिळाल्याने त्या दोघांनी १९८० मध्ये बॉर्न हॉल हे खासगी केंद्र काढले. पुढे तिथे २००४ साली राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २३ ते ३९ वयाच्या स्त्रियांना सरकारी खर्चाने तीन आवर्तने मिळावीत अशी शिफारस केली. ती सगळीकडे पाळली गेली नाही आणि पत्त्यावरून नशीब ठरते अशी ओरड झाली, हा भाग वेगळा. शिफारस झाली, तिच्यावर भांडता आले. आपल्याकडे प्रारंभ सार्वजनिक रुग्णालयात होऊनही नंतरची तीन दशके हे तंत्र मुख्यत: खासगी दालनांतच वाढले.

असे का झाले? आमच्या मते ह्याचे उत्तर परळच्या त्या संशोधन संस्थेच्या जन्मकथेत सापडते. १९५४ साली तिचा आरंभ झाला तो गर्भनिरोधकांची चाचणी घेणारे केंद्र म्हणून. भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता, आणि त्यासाठी गोळ्या, जेली, तांबी ह्यांचा अभ्यास हवा होता. मुंबईला ह्या विषयाची परंपराही होती: र. धों. कर्वे ह्यांनी १९२१ मध्येच संततिनियमनाचे केंद्र इथे उघडले होते आणि त्यापायी नोकरीवर पाणी सोडले होते. कर्व्यांचा आग्रह व्यक्तीच्या, विशेषत: स्त्रीच्या, स्वातंत्र्याचा होता, शासनाचा आग्रह संख्येचा झाला. नसबंदी करून घेणाऱ्याला शासन रोख रक्कम देऊ लागले. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही. ज्या राज्याने मूल न होण्यासाठी पदरचे पैसे दिले, त्याला मूल होण्यासाठीही पैसे द्यावेत हे सुचणे अवघड होते. लोकसंख्या हा प्रश्न आहे, एवढे ज्याच्या मनावर तीस वर्षे बिंबवले गेले त्या प्रशासकाला वंध्य जोडपे म्हणजे उपचारावाचून राहिलेला रुग्ण न वाटता नकळत मदत करणारा नागरिक वाटला असेल, तर नवल नाही.

कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय ह्यांची शोकांतिका 'एक डॉक्टर की मौत' (१९९०) ह्या चित्रपटामुळे पुष्कळांना ठाऊक आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, लुईझनंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, त्यांच्या प्रयत्नांतून एका मुलीचा जन्म झाला. राज्य शासनाच्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत केली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यांची टिपणे तपासून त्यांना प्रथमपणाचा मान १९९७ मध्ये ज्याने दिला तो संशोधक म्हणजे परळचेच आनंद कुमार, ज्यांचा स्वत:चा मान त्यामुळे दुसरा ठरला. असा उमदेपणा विरळा. पण ह्या कथेचा आमच्या विषयाशी संबंध एवढाच, की त्या समितीला जे अविश्वसनीय वाटले त्यात, अशा गरिबांच्या आणि गर्दीच्या देशात हे हवेच कशाला, हाही भाव मिसळलेला नव्हता असे म्हणवत नाही.

आता थोडे मागे जाऊ. शासन ह्या प्रांतात येण्यापूर्वी मूल होण्याचा खर्च होता, आणि तो करायची पद्धतही ठरलेली होती. वाल्मीकींच्या बालकांडात दशरथाने पुत्रप्राप्तीच्या हेतूने मांडलेल्या यज्ञसत्रात ऋत्विजांना पृथ्वीच दान दिली, तेव्हा त्यांनी ती नम्रपणे परत केली: आम्हां अध्ययन करणाऱ्यांना राज्य कुठले सांभाळता येणार, त्याचे मोल द्यावे. राजाने दहा लक्ष गायी, दहा कोटी सुवर्ण आणि त्याच्या चौपट रजत दिले. अपत्यासाठी केलेल्या विधीचे रोखीत रूपांतर झाल्याचा इतका स्पष्ट उल्लेख अन्यत्र आमच्या वाचनात नाही. ज्यांच्याकडे दशरथाचा खजिना नव्हता त्यांच्यासाठी नवस होता.

नवसाबद्दल सुशिक्षित मराठी माणूस थोडा लाजतच बोलतो, आणि तुकोबांनी नवसाने मुले होण्याच्या कल्पनेची जी खिल्ली उडवली ती त्याला तोंडपाठ असते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून त्यातला व्यवहार तेवढा पाहावा. नवस आधी 'बोलतात' आणि नंतर 'फेडतात'. फेडण्याचे क्रियापद कर्जाचे आहे. देवाला पाळणा वाहीन, मुलाच्या भारंभार गूळ वाटीन, पायी येईन, हे सगळे मूल झाल्यावर. मूल झाले नाही तर देणे नाही. जोखीम देवाने घेतलेली आहे. अर्थात ह्या व्यवहाराला अत्यंत क्रूर टोकही होते: खंडोबाला पहिले मूलच वाहीन असा नवस करून पुढे मुलीला मुरळी म्हणून सोडले जाई. मिळालेल्या अपत्याची किंमत ते अपत्यच. शिवराम जानबा कांबळे ह्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ह्या प्रथेविरुद्ध चळवळ केली, ती ज्या समाजाच्या मुली मुरळ्या होत होत्या त्या समाजातून उठलेली चळवळ होती. नवसाचा भार शेवटी कोणाच्या पोरींवर पडे हे त्यातून दिसते.

आजच्या उपचाराचा व्यवहार नवसाच्या अगदी उलटा आहे. इथे सगळे आधी फेडायचे असते. दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने, दर दोन दिवसांनी सोनोग्राफी, भूल देऊन बीजांडे काढणे, प्रयोगशाळेचे शुल्क, पुरुषाच्या बीजात दोष असेल तर इक्सीचे वेगळे, उरलेले भ्रूण गोठवून ठेवले तर त्यांचे वर्षाचे भाडे, आणि मग गर्भाशयात भ्रूण सोडण्याचे. खासगी केंद्रात एका 'सायकल'ला साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात. स्त्रीचे वय पस्तिशीच्या आत असेल तरी यशाची शक्यता ढोबळमानाने तिनांत एक. चाळिशीनंतर ती झपाट्याने उतरते. म्हणजे बहुसंख्य जोडपी पहिल्या वेळी पैसे भरतात ते न होणाऱ्या मुलासाठी. दुसऱ्या वेळी पुन्हा. विमा ज्या प्रसंगासाठी माणसाने शोधून काढला तो हाच: खर्च मोठा, फळ अनिश्चित, आणि कोणाच्या वाट्याला येईल ते आधी सांगता न येणारे.

बाजाराला ही उणीव दिसली नसती तरच आश्चर्य. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या काही केंद्रांनी एक युक्ती काढली: एकदम मोठी रक्कम भरा, अनेक आवर्तने करू, मूल झाले नाही तर बरीचशी रक्कम परत. तिथल्या वैद्यकीय नीतिज्ञांनी ह्यावर वाद घातला, कारण फळ पदरात पडले तरच डॉक्टराला पूर्ण पैसे मिळणार असतील तर तो घाईने अधिक भ्रूण सोडील, ही भीती रास्त होती. शिवाय ज्यांना यश सहज मिळण्याजोगे असते अशाच तरुण जोडप्यांना ह्या योजनेत घेतले जाई; त्यांनी भरलेल्या जादा पैशांतून इतरांचा परतावा निघे. भारतातही आता अशा परताव्याच्या जाहिराती दिसतात. नवसाचे हे कंपनी-रूप आहे, फरक एवढाच की देव अनामत मागत नसे.

पैसा येतो कुठून, हे आपल्या आसपास पाहणाऱ्याला सांगायला नको. बाईचे सोने आधी जाते. मग पतपेढी, भिशी, भविष्य निर्वाह निधीतली उचल, गावाकडची गुंठाभर जमीन. पुष्कळदा तिच्या माहेरचे काही भार उचलतात, जणू दोष त्यांच्याकडून आला. भाषेने ही सोय करून ठेवलेलीच आहे: 'वांझ' हा शब्द स्त्रीला जसा चिकटतो तसा पुरुषाला चिकटत नाही, आणि 'निपुत्रिक' ह्या पुरुषाला लागू होणाऱ्या शब्दाला मुली असल्या तरी बाध येत नाही. १९९२ साली ब्रुसेल्समध्ये इक्सीचे तंत्र यशस्वी झाले ते पुरुषवंध्यत्वासाठी. पण इंजेक्शने, भूल आणि सुई ही तरीही बायकोच्याच वाट्याला. आमच्या वाचनातल्या मराठी कथा-कादंबऱ्यांत मूल नसलेली स्त्री पानोपानी भेटते, तिचे उसासे, तिच्या सवतीचे आगमन, तिचा विहिरीकडे जाणारा रस्ता ह्यांची वर्णने आहेत. तिच्या उपचाराची पावती मात्र कुठे आढळत नाही. ग्रामीण साहित्याने कर्जाचा, सावकाराचा, बियाण्याच्या भावाचा इतका तपशील दिला. ह्या कर्जाकडे लेखकाचे लक्ष गेलेले नाही. विद्यार्थ्यांनी ह्याला अपवाद शोधून दाखवले तर आम्हांला आनंदच होईल.

ह्या संदर्भात एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. तीत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळत. २०१२ मध्ये छत्तीसगडात उघडकीला आले की खासगी रुग्णालये विम्याच्या पैशांसाठी तरुण बायकांचीही गर्भाशये सर्रास काढत होती. वर्तमानपत्रांनी त्याला 'गर्भाशय कांड' हे नाव दिले. गर्भाशय काढून टाकायला विमा होता. त्यात गर्भ रुजवायला नव्हता.

कायद्याची भाषा गेल्या काही वर्षांत बदलली आहे, आणि तिच्यात परस्परविरोधी सूर एकाच वेळी ऐकू येतात. २०२१ चा साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा जानेवारी २०२२ पासून अमलात आला. केंद्रांची नोंदणी, स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ अशी वयोमर्यादा, दात्यांचे नियम, हे सारे त्यात आहे. बीजांड देणाऱ्या स्त्रीसाठी उपचार घेणाऱ्या जोडप्याने बारा महिन्यांचा विमा उतरवलाच पाहिजे असेही त्यात आहे. सरोगसीच्या कायद्यात हीच मुदत छत्तीस महिने आहे. तरतूद योग्यच आहे, देणाऱ्या बाईच्या शरीराला धोका आहे. पण तीच इंजेक्शने स्वत:ला टोचून घेणाऱ्या, तीच भूल घेणाऱ्या पत्नीसाठी विम्याची अशी सक्ती त्या कायद्यात नाही. २०२२ मध्येच वस्तू व सेवा कराच्या संदर्भात केंद्राने खुलासा केला की आयव्हीएफ ही आरोग्यसेवा आहे, सबब तिला कर माफ. कर खात्याच्या दप्तरात जी आरोग्यसेवा, ती विम्याच्या दप्तरात सतरावा अपवाद. काही कंपन्या अलीकडे जादा हप्ता घेऊन, दोन-तीन वर्षे थांबायला लावून, मर्यादित रकमेपर्यंत हा खर्च देतात, आणि काही मोठ्या आस्थापनांच्या सामूहिक विम्यात तो असतो. म्हणजे नोकरी चांगली हवी. इझ्रायलने दोन मुले होईपर्यंत, स्त्रीच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत, हा खर्च सार्वजनिक केला, त्यालाही लोकसंख्येचेच राजकारण कारण आहे. तिथे संख्या वाढवायची होती. आपल्याकडे ती कमी करायची होती. दोन्हीकडे जोडप्याच्या दु:खाचा नंबर दुसराच.

सरकारने कोणासाठीच काही केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. केंद्र सरकारने २०११ च्या नोव्हेंबरात आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक आदेश काढला: आयव्हीएफच्या प्रत्येक आवर्तनाला पासष्ट हजार रुपये किंवा प्रत्यक्ष खर्च, ह्यांत जे कमी असेल ते, आणि अशी जास्तीत जास्त तीन आवर्तने. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २००८ पासून ही सोय आहे. आणि २०२३ साली गोवा शासनाने बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार विनामूल्य सुरू केला. बांबोळीला जाणाऱ्या बाईला सोने मोडावे लागत नाही. तिला लागतात ते दिवस. इंजेक्शनांचे दिवस, सोनोग्राफीचे दिवस, भ्रूण सोडल्यानंतर रक्ततपासणीपर्यंत वाट पाहण्याचे चौदा दिवस. रोजंदारीवरच्या बाईने त्यांपैकी किती दिवस कामावर जायचे, आणि न गेलेल्या दिवसांचा पगार कोणी द्यायचा, हा खर्च अजून कोणत्याच यादीत आलेला नाही.